अप्पांना बसवलं ती जागा

१

सोमवारी सकाळी कमलम्मा बेलाची पानं घेऊन शेतात गेल्या आणि नवऱ्याची समाधी त्यांना जागेवर दिसली नाही.

दिसली, पण साठ फूट मागं. गुडघाभर उंचीचा, वर लिंग कोरलेला काळा दगड अकरा वर्षं रस्त्याच्या बाजूला उभा होता. तो आता विहिरीच्या अंगाला जाऊन उभा राहिला होता. जुन्या जागी खळगासुद्धा उरला नव्हता. मधे चुन्याची ताजी रेघ होती. रेघेच्या रस्त्याकडची एकरभर जमीन गुरुवारी विकली जाणार होती आणि दगड बरोबर न विकायच्या बाजूला सरकला होता. निर्जीव वस्तूला व्यवहाराची इतकी समज असलेली मी तरी कधी पाहिली नाही.

दुपारी त्यांनी मला नांदेडला फोन लावला.

"बाई, वळखलं का? मी म्हादेवप्पाची कमलम्मा. उदगीरच्या अलीकडची."

ओळखलं होतं. मी राजश्री, बोअरची जागा दाखवण्याचं काम करते. चार लोखंडी सळ्या, वायरीचं एक रिळ आणि एक मीटर घेऊन लोहा, हिमायतनगर, उदगीर अशी उन्हात हिंडते. नारळ हातात धरून पाणी सांगणाऱ्या बाबावर लोकांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे, ते दुःख मी केव्हाच गिळलंय. तेरा वर्षांपूर्वी कमलम्मांच्या शेतात मीच बोअरची जागा दाखवली होती. महादेवप्पा दिवसभर चौथी सळी हातात धरून माझ्यासोबत चालले होते आणि मधूनमधून मला खिशातल्या भुईमुगाच्या शेंगा देत होते. बोअरला पाणी लागलं. दोन वर्षांनी अप्पा गेले.

"तू जमिनीच्या पोटातलं सांगतीस न्हवं?" कमलम्मा म्हणाल्या. "मग मपला माणूस कुठं हाय, तेवढं सांग. त्याच्या उजव्या बाजूला मला जायचंय. परक्याच्या फरशीखाली त्यो, अन् साठ फुटावर मी एकटी, हे मला न्हाई चालायचं."

मी म्हटलं, वीरेशला विचारा, तुमचा मुलगा आहे ना तिथं.



"त्यानंच चोरला सोत्ताच्या बापाचा दगड," त्या म्हणाल्या. "सकाळपासून मी त्याच्या घरचं पाणी सोडलंय."

२

मंगळवारी दुपारी मी त्यांच्या घरी पोचले. कमलम्मा ओसरीत खांबाला टेकून बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, गळ्यात चांदीच्या करंड्यातलं लिंग. पाण्याचा तांब्या शेजारच्या घरून आला होता. सुनेनं, मंजुश्रीनं, ठेवलेला पेला तसाच भरलेला होता आणि त्या पेल्याकडं बघायची हिंमत घरात कुणाला होत नव्हती.

वीरेश चाळिशीचा. दहा वर्षं नांदेडला बियाण्याच्या कंपनीत नोकरी करून मागच्या वर्षी गावी परतला होता. रविवारी तो आणि मंजुश्री नांदेडच्या खोलीतलं उरलेलं सामान आणायला गेले होते. दगड हलला तो त्याच रात्री.

"मी नसताना झालं म्हणून माझ्यावरच आळ," तो आईकडं न बघता म्हणाला. "अव्वा म्हणती, कुणाला तरी सांगून गेला आसंल."

"पण तुमच्या मते अप्पांची जागा कुठली?"

"इमानानं सांगू? मला पक्कं सांगता येईना. बाभळ होती तवा अंदाज लागायचा. रस्ता रुंद झाला तवा बाभळ गेली, बांध गेला, फाटकबी गेलं. अप्पाला बसवलं तवा मी मान वर करून बघितलंच न्हाई कुठं. पुन्हा आलो तवा दगड होता, तिथं डोकं टेकवायचो. आता दगडच हालला तर मी काय बघून सांगू?"

कमलम्मांनी तोंड फिरवलं. पावलांचा हिशेब त्यांच्यापाशी होता, फाटकापासून एकवीस. पण फाटकच रस्त्यात गेलं होतं.

ओसरीत चौथा माणूस होता राघवेंद्र सर, म्हणजे जमीन घेणारे. लातूरला त्यांचा फिजिक्सचा क्लास, अर्ध्या मराठवाड्याची मुलं त्यांच्याकडं. रस्त्यालगत त्यांना मुलींचं वसतिगृह बांधायचं होतं. समाधीला हात लावणार नाही, असा शब्द त्यांनी कमलम्मांना दिला होता. पांढरा शर्ट, गोड बोलणं, माझ्या कामाची खरी माहिती.

"मॅडम, माझा काही आग्रह नाही," ते म्हणाले. "अप्पांना जिथं निजवलं, ती जागा माझ्यासाठीही पवित्रच आहे. दगड मागं आहे, म्हणजे जागा मागं आहे, एवढंच माझं म्हणणं. आजींची नजर कमी झालीय. आणि उकरून बघा, असं तर मी मेलो तरी म्हणणार नाही."

तसं कुणीच म्हणणार नव्हतं. समाधी उकरणं म्हणजे अप्पांना दुसऱ्यांदा मारणं. दगड हलवणाऱ्याला हे नेमकं ठाऊक होतं. त्यानं खोटं बोलायला अशी जागा निवडली होती, जिथं खरं तपासताच येत नाही.

पाचवा होता मडिवाळप्पा, महादेवप्पांचा जुना गडी आणि त्यांच्याच बिरादरीतला. दोन्ही डोळे गेलेले, कान शाबूत. मी त्याला विचारलं, जागा आठवते का?

"आठवना तर काय! मीच की बसवलं. मपल्या ह्या हातानं. बेल, भस्म अन् खड्या मिठाची दोन पोती. पर आता डोळ्याला दिसंना, कुठं न्यून दाखवू?"

"दगड तुम्ही बसवला?"

"दगड?" तो गोंधळला. "दगड मागून आला की, तिसऱ्या महिन्यात."

इथं मी त्याला पुढं विचारायला हवं होतं. पण माझं डोकं एकाच शब्दापाशी अडकलं होतं.

"मीठ?" मी जवळजवळ ओरडलेच. "अहो, मग सोपंच आहे! दमट मातीत मीठ असलं की वीज पळत जाते. मुरूम वीज अडवतो, काळी माती थोडी वाट देते आणि मिठाची ओली माती तर दारच उघडते. काळी माती मीठ लवकर सोडतही नाही. उकरायची गरजच नाही. चार सळ्या वीतभर रोवायच्या, मीटर सांगेल. उद्या सकाळी सातला शेतात."

कमलम्मांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! शहाण्या बाईनं तोंड मिटून रात्रीत काम उरकलं असतं. मी मात्र पाच जणांच्या समोर युक्ती सांगून, चहा पिऊन, उदगीरच्या लॉजवर निवांत झोपायला गेले.

३

बुधवारी सातला सगळे शेतात हजर. मे महिना, पीक नाही, मोकळं काळं रान भेगाळून पडलेलं. काही भेगांत तर माझा हात कोपरापर्यंत जाईल.

पद्धत साधी आहे. चार सळ्या एका ओळीत सारख्या अंतरावर रोवायच्या. बाहेरच्या दोन सळ्यांतून वीज सोडायची, आतल्या दोन सळ्यांवर मोजायची. आकडा मोठा आला तर जमीन वीज अडवते, लहान आला तर वाट देते. जमीन कोरडी असली की सळीच्या बुडाशी मी मिठाचं पाणी ओतते, पण त्या दिवशी मुद्दाम साधं पाणी घेतलं. सळ्या फुटाफुटावर ठेवून रस्त्याकडून विहिरीकडं सरकायला सुरुवात केली.

तीस. अठ्ठावीस. एकतीस. कमलम्मांनी दाखवलेल्या जागेवर पस्तीस. मिठाचा मागमूस नाही, उलट आकडा वाढलेला.

कमलम्मा खाटेवर बसून माझ्या ओठांकडं बघत होत्या. मी पुढं सरकले. तीस. एकोणतीस. चुन्याची रेघ ओलांडली. तीस. आता दगड दोन हातांवर होता.

दोन.

मी वायरी काढून पुन्हा लावल्या. पुन्हा दोन.

"काय आलं?" वीरेशनं विचारलं.

मी सांगितलं. दुसरं काय करणार? जमिनीत मीठ होतं आणि ते दगडाखालीच होतं. राघवेंद्र सरांनी डोळे मिटून हात जोडले, "शेवटी सत्य ते सत्य," म्हणाले आणि खरेदीखताचे कागद बघायला गाडीत बसून उदगीरला निघून गेले.

कमलम्मा रडल्या नाहीत. मला ते जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "मग मी अकरा वर्षं कुणाला बेल वाहिला?"

 मी सळ्या गोळा करायला वाकले. मान खाली गेली म्हणूनच मला ते दिसलं. पायाखालची जमीन सपाट होती, एकही भेग नव्हती. चारी बाजूंनी रान तडकलेलं आणि दगडापाशी एवढ्याच पट्ट्यात माती फुगून मिटलेली.

काळ्या रानाच्या भेगा पाण्याशिवाय मिटत नाहीत. आणि पाऊस काही एका दगडापुरता पडत नाही.

४

मी कुणाला काही बोलले नाही. एकदा तोंड उघडल्याची किंमत मोजून झाली होती. पिशवीतून तेरा वर्षांपूर्वीची वही काढली. तेव्हा याच शेताचे आकडे घेतले होते. वर साडेतीन फूट काळी माती, खाली मुरूम. समासात अप्पांच्या हातची नोंद होती, 'चौथी सळी वाकडी'. ती सळी अजून वाकडीच आहे.

सळ्यांचं एक गुपित आहे. त्या जवळ रोवल्या तर फक्त वरच्या मातीचं कळतं. जितक्या लांब न्याव्यात, तितकी वीज खोल शिरते आणि खालचं सांगते. सकाळी घाईत मी फक्त फुटाचं अंतर घेतलं होतं, म्हणजे जमिनीची नुसती कातडी चाचपली होती.

दगडापाशी पुन्हा बसले. फुटावर दोन. दोन फुटांवर अकरा. चार फुटांवर एकतीस. सहा फुटांवर छप्पन्न. वहीतल्या जुन्या आकड्यांच्या जवळ येत येत शेवटी त्यांच्याशी जुळलं. म्हणजे मीठ वीतभर मातीतच होतं. त्याखालची काळी माती आणि मुरूम जसेच्या तसे, कुदळ न लागलेले. इथं कधीच कुणाला पुरलेलं नव्हतं.

मी कमलम्मांच्या जागेवर गेले. फुटावर पस्तीस. आता कळलं का जास्त ते. खड्डा खणताना खालचा मुरूम वर येतो आणि वरच्या मातीत मिसळतो. दोन फुटांवर चोवीस. चार फुटांवर बारा. सहा फुटांवर सात.

जिथं मुरमानं वीज अडवायला हवी, तिथं ती सरळ वाट काढत होती. मुरमाचा थर फोडून कुणीतरी खोल खड्डा केला होता. तो काळ्या मातीनं बुजवला होता आणि त्याच्या तळाशी अकरा वर्षांचं मीठ होतं.

"कमलम्मा," मी हाक मारली.  "अप्पा इथंच आहेत. तुम्ही बेल बरोबर जागी वाहिलात."

त्यांनी पदर तोंडाला लावला. आता मात्र त्या रडल्या. मंजुश्रीनं त्यांना धरलं, त्यांनी तो हात झिडकारला नाही. मला वाटलं, झालं, सुटलं. आता घरी जाऊन या सुनेच्या हातचं पाणी पितील.

तेवढ्यात मडिवाळप्पा चाचपडत आखाड्यातून, म्हणजे शेतातल्या पत्र्याच्या खोलीतून, बाहेर आला. त्याच्या हातात दोन रिकामी पोती होती.

"जनावराचं मीठ कुणी संपवलं रं?" तो म्हणाला. "परवा भरलेली होती की ही."

कमलम्मांनी पोत्यांकडं पाहिलं, दगडाकडं पाहिलं आणि मग वीरेशकडं.

"दगडबी हालवलास अन् मीठबी पेरलंस?" त्यांचा आवाज अगदी हळू होता. "बापाच्या नावानं?"

"अव्वा, तुझ्या गळ्याची आन..."

"मपल्या गळ्याची आन घेऊ नगंस. मी मेले तर मला हात लावू नगंस. मडिवाळ लावंल."

५

वीरेश विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसला. विहिरीत पाणी थोडं होतं आणि खोली भरपूर. मंजुश्री त्याच्या मागं जाऊन उभी राहिली, त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून.  हे सगळं माझ्या जिभेमुळं झालं होतं. जागा मी सिद्ध केली होती, आणि ती करता करता म्हातारीचा मुलगा तिच्यापासून तोडला होता.

तर मग कुणी पेरलं? मिठाचं आणि विजेचं मंगळवारी दुपारी फक्त पाच जणांनी ऐकलं होतं. कमलम्मा सोडा. मडिवाळप्पा आंधळा, आणि स्वतः पेरलं असतं तर पोती त्यानंच कशाला दाखवली असती? उरले वीरेश, मंजुश्री आणि राघवेंद्र सर. आखाड्याला कुलूप नव्हतं, नुसती सुतळी. पाण्याची टाकी दहा पावलांवर. कुणीही येऊन करू शकत होतं.

माणसांकडून काही कळत नव्हतं म्हणून पुन्हा जमिनीला विचारलं. सळ्या वीतवीत अंतरावर घेतल्या आणि त्या मिठाच्या पट्ट्याच्या कडा शोधत गेले. जिथं आकडा दोनवरून एकदम तिसावर उडी मारी, तिथं एक खडा ठेवायचा. दुपारी तीनपर्यंत उन्हात हेच केलं. फीत लावली. लांबी सात फूट, रुंदी तीन फूट, कडा अगदी सरळ. पेरणारा नेटका माणूस होता. वहीत आकृती काढली, पण मला त्यात वावगं काहीच दिसेना. समाधीची जागा दाखवायची तर खड्ड्याएवढीच दाखवणार.

मडिवाळप्पा शेजारी येऊन बसला होता. त्यानं विचारलं, "काय मोजून राह्यलीस बाई?"

मी त्याचा हात धरून त्याला खड्यांच्या कडेनं चालवलं. लांबीकडून, मग रुंदीकडून. तो थांबला. मग हसायलाच लागला.

"कुणाला झोपवायलाय हितं?"

"म्हणजे?"

"आगं, एवढा लांब खड्डा कामून? आप्पाला काय आडवा केलाय का?" तो तिथल्या तिथं खाली बसला, मांडी घातली, पाठ ताठ केली, डावा तळहात छातीसमोर धरला आणि त्यावर नसलेलं लिंग ठेवलं. "आसं. आसं बसवलं आप्पाला. आमच्यात माणूस झोपून जात न्हाई, बसून जातो. चौकोनी खड्डा, तीन-साडेतीन हाताचा. काल सांगितलं की तुला, मीच बसवलं म्हून!"

सांगितलं होतं. मला वाटलं, दगड बसवला. आमच्या मराठीत देव बसवतात, मोटार बसवतात, रुसलेल्या पाहुण्याला जेवायला बसवतात. मेलेल्या माणसाला बसवतात हे मला, नांदेडच्या शिक्षकांच्या घरात वाढलेल्या बाईला, सुचलंच नव्हतं. आमच्याकडं जाळतात. पुरलेलं माणूस म्हटलं की माझ्याही डोळ्यांपुढं आडवंच येतं.

आणि मग मला ओसरीतली दोन वाक्यं आठवली. वीरेश म्हणाला होता, अप्पाला बसवलं. दुसरा एक जण म्हणाला होता, अप्पांना निजवलं.

६

गुरुवारी सकाळी आठला मी सगळ्यांना शेतात बोलावलं. राघवेंद्र सर कागदांची पिशवी घेऊनच आले. अकराला उदगीरला सह्या होत्या. मी सकाळी फोनवर त्यांना एवढंच म्हटलं होतं की समाधीभोवती किती जागा सोडायची ते ठरवून टाकू. कालच्या दुपारचं त्यांना कुणी कळवलं नव्हतं.

चुन्याचं घमेलं मी त्यांच्यासमोर धरलं.

"सर, तुम्ही पाहुणे, पहिला मान तुमचा. आत खड्डा साधारण केवढा असेल, तेवढा काढा. त्याच्याबाहेर दोन फूट सोडू."

त्यांनी बाही दुमडली आणि दगडाच्या अंगानं नेटका आयत काढला. मी फीत टाकली. सात बाय तीन. मिठाच्या कडांशी तंतोतंत.

"सर, हे काय काढलं?" वीरेश विहिरीकडून येत होता, तो थांबून म्हणाला. त्याला माझा बेत माहीत नव्हता. "ह्यात अप्पा झोपंल. बसंल कसा?"

"बसेल म्हणजे?" सर म्हणाले.

मी वीरेशच्या हातात चुना दिला. त्यानं न मोजता साडेतीन हातांचा चौकोन काढला. मंजुश्रीला दिला. तिनंही चौकोन काढला, तिच्या माहेरच्या माणसांना आठवून. सर एकदा या चौकोनाकडं, एकदा आपल्या आयताकडं बघत राहिले. वर्गात उत्तर चुकलेल्या मुलाचा चेहरा त्यांनी हजारदा पाहिला असेल, पण स्वतःच्या चेहऱ्यावर तो कधी आला नसावा.

"मंगळवारनंतर या जागेत कुणीतरी मीठ पेरलंय," मी म्हटलं. "आणि ते असं सात बाय तीन पेरलंय."

"मग त्यात माझा काय संबंध?" सरांचा आवाज चढला. "हे चौकोन काय, आत्ता काढून दाखवतील हवे तेवढे. वीरेशलाच जमीन विकायची आहे. वीतभर मातीत दोन पोती मीठ कालवायला त्याला काय लागतं? पोती त्याचीच!"

 मी मीटर बंद केला. 

"वीतभर," मी म्हटलं. "सर, ते किती खोल आहे हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आणि मीठ इथल्याच आखाड्यातल्या पोत्यांतलं आहे, हे काल दुपारी इथं होते त्यांनाच ठाऊक. तुम्ही तर सकाळीच उदगीरला गेला होतात."

त्यांनी कागदांची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"तुमचं फिजिक्स बरोबर होतं. मिठाला ओलावा लागतो म्हणून तुम्ही पाणीही ओतलंत. तुम्हाला माणूस माहीत नव्हता. मीठ वर शिंपडत नाहीत, माणसाबरोबर तळाशी जातं. आणि ज्याला तुम्ही निजवलंत, तो तिथं मांडी घालून बसलाय. इथल्या चौघांच्या घरात प्रत्येक माणूस बसूनच जातो. अशी चूक करायची त्यांनी ठरवली तरी त्यांच्या हातून व्हायची नाही. आडवा खड्डा काढणारे या शेतात दोघंच, तुम्ही आणि मी. मी लॉजवर झोपले होते."

त्यांनी दुमडलेली बाही सरळ केली. मग म्हणाले, "फाटकासमोर समाधी असली की पालक मुली ठेवत नाहीत, मॅडम. माझा नाईलाज होता. मी जागा कुठं हलवली? माणसं लावून दगड हलवला फक्त. मागं मी छान ओटा बांधून देणार होतो."

"आन् त्याच्या अंगावरून पोरी चालवणार व्हता," कमलम्मा खाटेवरून म्हणाल्या. "जावा सर. तुमच्यावर इतबार केला, मपलीच चुकी."

गाडी गेली. धूळ बसली. खरेदीखत झालं नाही, ते पुढं कधी होईल, कुणाशी होईल, हा विषय त्या सकाळी कुणी काढला नाही.

कमलम्मा उठल्या. मंजुश्रीच्या आधारानं चालत वीरेशनं काढलेल्या चौकोनापाशी आल्या आणि पायाच्या अंगठ्यानं चुन्याची रेघ चाचपली.

"कसा काढलास रं न मोजता?"

वीरेशनं चुन्याचा हात सदऱ्याला पुसला. "अव्वा, मी खाली उतरलो होतो त्या दिवशी. अप्पाची मांडी मीच नीट केली होती. मान कलत होती, मी हातानं धरली होती. कुठं होतो ते मला आठवंना. पर केवढ्या जागेत होतो ते ध्यानात हाय."

म्हातारीनं त्याच्याकडं पाहिलं. मग मडिवाळप्पाकडं वळून म्हणाली, "ज्यानं बापाला मांडी घालून बसवलं, त्यो त्याला आडवा करंल व्हय? अन् मी खुळी, पोराच्या घरचं पाणी सोडून बसले." तिनं हात पुढं केला. वीरेशनं तांब्या दिला. ती वरून, न थांबता, पाणी पीत राहिली. तिच्या गळ्याची हालचाल मला दिसत होती.

वीरेश, मंजुश्री आणि मी, तिघांनी दगड उचलून खऱ्या जागेवर आणला. मी सहा फुटांवर सळ्या रोवून शेवटचा आकडा घेतला. सात. वहीत अप्पांच्या अक्षराखाली लिहिला.

"आता मपला काढ," कमलम्मा म्हणाल्या.

"काय?"

"चौकोन. त्याच्या उजव्या बाजूला. काढ म्हणते ना."

वीरेशनं चुन्याचं घमेलं खाली ठेवलं. "अव्वा, कामून आत्ता असलं..."

"काढून ठेव. उद्या कुणी मास्तर आला अन् मला आडवी केली तर?"

तो गुडघ्यांवर बसला. मुठीत चुना घेतला. मी फितीचं एक टोक दगडापाशी धरलं आणि दुसरं मंजुश्रीनं धरलं.